त्या वाटेने आधी गेलेला साथी



बारावीचा निकाल लागला की आम्हा शिक्षकांकडे पालकांची ये-जा वाढते. बीकॉम करावे की आयटीआय, फार्मसी बरी की डीएड, असे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे आम्हाला पाठ झालेली असतात. पण दरवर्षी एक-दोन पालक सगळे गेल्यावर मागे थांबतात. आवाज खाली करून विचारतात, "टीचर, आमच्या मुलाचं पुढे काय होईल?" मुलगा हुशार असतो, मार्कही चांगले असतात. पण त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असते, किंवा अपघातात पाय गेलेला असतो, किंवा स्नायूंच्या आजारामुळे तो चाकाच्या खुर्चीवर असतो. त्यांना कोर्सचे नाव नको असते. हा मुलगा कधी कमावता होईल का, आणि आपण गेल्यावर त्याचे कोण बघेल, हे त्यांना विचारायचे असते.

या महिन्याचे पान आम्ही याच प्रश्नासाठी ठेवले आहे.

आधी थोडे आकडे पाहू. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांच्यापैकी चालण्या-हलण्यात अडचण असणारे 54 लाखांच्या घरात होते. सर्व दिव्यांगांमध्ये काम करणारे शंभरात फक्त 36 होते. पुरुषांमध्ये हे प्रमाण 47 होते आणि स्त्रियांमध्ये 23. म्हणजे शंभर दिव्यांग बहिणींपैकी 77 जणींच्या हाताला कमाईचे काम नव्हते. जनगणना जुनी असली तरी मोहल्ल्यात फिरताना दिसणारे चित्र फार वेगळे नाही. शिकलेली मुले घरात बसून आहेत, आणि सनद कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली आहे.

असे का होते? कायदा नाही म्हणून? कायदा आहे. योजना नाहीत म्हणून? योजनाही आहेत. आमच्या मते एक कडी गळालेली आहे. कोर्स कोणता हे शिक्षकाला ठाऊक असते, शरीराचे डॉक्टरला कळते, आणि अर्ज कुठे द्यायचा हे कचेरीतला बाबू सांगतो. पण मुलाखतीच्या इमारतीत लिफ्ट नसेल तर काय करायचे? आपल्या आजाराबद्दल साहेबांना कधी सांगायचे, अर्जात, मुलाखतीत की नोकरी लागल्यावर? हात थरथरतो म्हणून सहकारी हसले तर? संडासाला दोन पायऱ्या असतील तर दिवस कसा काढायचा? याचे उत्तर शिक्षकाकडे नसते, डॉक्टरकडेही नसते. जो त्या वाटेने चार-पाच वर्षे आधी गेला आहे त्याच्याकडेच ते असते.

अशा माणसाने मागून येणाऱ्याला हात देण्याला इंग्रजीत 'पीअर मेंटॉरिंग' म्हणतात. आम्ही त्याला आपल्या बोलीत 'साथी-रहबर' म्हणू. रहबर, कारण तो वाट दाखवतो. साथी, कारण तो वरून उपदेश करत नाही, त्याचेही पाय त्याच वाटेवर दुखलेले असतात.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव बऱ्याच वाचकांनी ऐकले असेल, त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन काहींनी वाचलेही असेल. 16 व्या वर्षी त्यांच्या कमरेखालचा भाग लुळा पडला. खेळणारी, नाचणारी मुलगी अंथरुणाला खिळली आणि जगणे नकोसे झाले. त्या अंधारात त्यांची गाठ बाबूकाका दिवाण यांच्याशी पडली. बाबूकाकांचेही पाय निकामी होते, तरी ते आपला व्यवसाय करत होते आणि खास बनवून घेतलेली गाडी स्वतः चालवत होते. समजुतीचे शब्द नसीमाताईंना अनेकांनी ऐकवले असतील, पण आपल्यासारखाच देह असलेला माणूस कमावून खातो हे डोळ्यांनी पाहणे वेगळे. त्यांनी शिक्षण पूर्ण केले, केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली, आणि 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. एका बाबूकाकांची एक भेट, आणि तिच्यातून पुढे किती मुला-मुलींना आधार मिळाला, पाहा.

पण प्रत्येक गावात बाबूकाका कुठून आणायचे? इथेच फोन आणि इंटरनेट कामाला येतात. त्याची कहाणी सांगण्यासाठी जरा अमेरिकेत जावे लागेल.

तिथे एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा होता. 1953 मध्ये, 14 व्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ सगळे शरीर निकामी झाले आणि श्वासासाठी 'आयर्न लंग' नावाच्या लोखंडी यंत्रात पडून राहावे लागे. शाळा कशी करायची? घर आणि वर्ग टेलिफोनने जोडले गेले. वर्गातले बोलणे तो अंथरुणावरून ऐकायचा, उत्तर द्यायचा. ऑनलाइन शिक्षण हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. अभ्यास झाला, पण शाळा दाखला देईना, कारण व्यायाम आणि मोटार चालवणे हे दोन विषय त्याने केले नव्हते! त्याची आई झोना भांडली आणि दाखला घेऊनच थांबली. पुढे बर्कलीच्या विद्यापीठात शिकायचे ठरले तेव्हा राज्याच्या पुनर्वसन खात्याने खर्च द्यायला नकार दिला. हा मुलगा कधी काम करूच शकणार नाही, मग त्याच्या शिक्षणावर पैसा कशाला, असे त्यांचे म्हणणे. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला तेव्हा खाते नमले.

1962 मध्ये तो बर्कलीत दाखल झाला. त्याच्यामागून इतर दिव्यांग विद्यार्थी आले. त्यांनी एकमेकांना विचारत, सांगत, रस्ते काढले. 1972 मध्ये तिथे 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' सुरू झाले, म्हणजे स्वतःच्या हिमतीवर जगण्याचे केंद्र. दिव्यांगांनी चालवलेल्या या केंद्राचा एक पायाच हा होता, की सल्ला देणारा स्वतः दिव्यांग असला पाहिजे. आणि 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी एड रॉबर्ट्स यांची नेमणूक केली ती त्याच पुनर्वसन खात्याच्या संचालकपदी. ज्या खात्याने 'हा काम करू शकणार नाही' म्हटले होते, त्या खात्याचा कारभार त्यांच्या हाती आला.

पुढचे पाऊल 1992 चे. सिएटल शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात शेरिल बर्गस्टालर यांनी 'डू-इट' नावाचा उपक्रम सुरू केला. हायस्कूलमधली दिव्यांग मुले निवडायची, त्यांच्या घरी संगणक आणि लागतील ती सोयीची साधने द्यायची, इंटरनेट जोडून द्यायचे. उन्हाळ्यात काही दिवस विद्यापीठात राहायला बोलवायचे. आणि वर्षभर ईमेलवर त्यांची गाठ रहबरांशी घालून द्यायची. कुणी कॉलेजात शिकणारे, कुणी शास्त्रज्ञ, कुणी नोकरदार, आणि त्यांच्यातले बरेच स्वतः दिव्यांग. 1992 मध्ये ईमेल म्हणजे नवलाईच होती. आपल्याकडे त्या काळी ट्रंक कॉलसाठी ताटकळत बसावे लागे.

या उपक्रमाच्या अनुभवातून काही गोष्टी कळल्या, त्या आमच्या कामाच्या आहेत. लिहून बोलण्यात ज्याची जीभ अडखळते त्याचे काही अडत नाही. ज्याचा हात हळू चालतो तो सावकाश टाइप करतो, समोरचा घड्याळ बघत बसत नाही. गावात आपल्यासारखे कुणी नसले तरी दोनशे मैलांवरचा माणूस शेजारी होतो. आणखी एक मजेशीर बाब अशी की मुले रहबरांना अभ्यासाचे, नोकरीचे विचारत, पण मनातले बोलत ते एकमेकांशी. म्हणजे दोन्ही हवे, चार पावले पुढचा रहबर आणि खांद्याला खांदा लावून चालणारा दोस्त. तोटेही दिसले. चेहरा दिसत नसल्याने शब्दांचा उलटा अर्थ निघे, यंत्र मधेच बंद पडे, निरोपांचा ढीग साचे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांचे आपण काय वेगळे अनुभवतो?

कॅनडात टोरांटो येथील हॉलंड ब्लूरव्ह्यू या मुलांच्या पुनर्वसन रुग्णालयातील संशोधकांनी शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणांना नोकरीसाठी तयार करण्याचा असाच ऑनलाइन प्रयोग केला. तिथेही रहबर होते ते थोडे मोठे, स्वतः दिव्यांग असलेले तरुण. बायोडेटा, मुलाखत, आपल्या अडचणीबद्दल मालकाला कसे सांगायचे, सोय कशी मागायची, असे धडे त्यात होते. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारावर भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मोहोर उठवली. त्याच्या 26 व्या कलमातही सरकारांनी पुनर्वसनासाठी करायच्या उपायांत 'पीअर सपोर्ट'चा, म्हणजे साथीदारांच्या आधाराचा, नाव घेऊन उल्लेख आहे. हा काही आम्हा मास्तरांच्या डोक्यातला शौक नाही, हे कळावे म्हणून एवढे सांगितले.

आता आपल्या अंगणात येऊ.

गेल्या वर्षी आम्ही काही शिक्षकांनी मिळून तीन जुन्या विद्यार्थ्यांसाठी असे रहबर शोधले. खर्च काही नव्हता. फोन घरोघरी होते. शोधायला मात्र दोन महिने लागले, कारण ते रहबर आमच्या गावात नव्हते. तिघे तीन वेगळ्या जिल्ह्यांत होते.

पहिला मुलगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाचा. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणे हळू, तोंड थोडे वाकडे होते, उजवा हात हलतो. डोके मात्र हिशेबात तल्लख. त्याला मिळालेले भाई वयाने सात-आठ वर्षांनी मोठे, त्यांनाही सेरेब्रल पाल्सीच, आणि ते एका सीएच्या ऑफिसात नोकरीला. दर रविवारी असरच्या नमाजनंतर अर्धा तास दोघे बोलत. मुलाने पहिल्याच आठवड्यात विचारले, "भाई, इंटरव्ह्यूत माझं बोलणं त्यांना समजलं नाही तर?"

भाईंनी धीर वगैरे काही दिला नाही. ते म्हणाले, "नाही समजणार. माझंही समजलं नव्हतं. म्हणून बसल्या बसल्या सांगून टाकायचं, मी हळू बोलतो, समजलं नाही तर परत विचारा, मला राग येत नाही. पहिल्या मिनिटात सांगितलंस की समोरचा मोकळा होतो. नाही सांगितलंस तर तो तुझ्या तोंडाकडे बघत बसतो, कामाचं ऐकतच नाही. आणि टॅलीत केलेलं काम छापून सोबत ने. कागद अडखळत नाही."

हे वाक्य आम्ही वीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याला सांगितले नसते, कारण ते आम्हाला सुचलेच नसते.

त्यांनी त्याला संगणकातली 'स्टिकी कीज' ही सोयही दाखवली. दोन-तीन बटणे एकदम दाबावी लागतात तिथे एकामागून एक दाबली तरी चालते. ही सोय विंडोजमध्ये फुकट असते, फक्त चालू करावी लागते. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत फोनला बोलून टाइप करून घेता येते, हेही त्याला तिथेच कळले.

दुसरी मुलगी चाकाच्या खुर्चीवरची. उर्दू आणि मराठी दोन्ही अक्षर सुंदर, इनपेजवर हात बसलेला. तिच्यासाठी आम्ही बाई रहबर शोधली. त्या बाजी स्वतः खुर्चीवर असून भाषांतर आणि शिकवण्या करून घर चालवतात. पहिल्या काही दिवसांत दोघी नोकरीचे बोलल्याच नाहीत. बाजींनी विचारले, "बाहेर गेल्यावर पाणी पितेस का?" मुलगी गप्प. कॉलेजच्या दिवशी ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे, कारण तिथल्या बाथरूममध्ये खुर्ची जात नव्हती. वर्षातून दोन-तीनदा तिला लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होई, ताप येई, आणि घरच्यांना वाटे की पोरीची तब्येतच नाजूक, हिला नोकरी झेपायची नाही.

बाजींनी तिला सांगितले की पगार विचारण्याआधी बाथरूम विचारायचे. शरमायचे नाही. जागा सांगा, दरवाजाची रुंदी सांगा, फोटो पाठवा, असे सरळ म्हणायचे. "मी हे न विचारता पहिली नोकरी धरली आणि चार महिन्यांत सोडली. लोक म्हणाले, बघा, आम्ही म्हणालो नव्हतो?"

मुलीच्या अम्मी बाजूला बसून हे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आम्हाला म्हणाल्या, "टीचर, इतकी वर्षं मी हिची आई आहे. मला हे कुणी सांगितलं नाही, हिनंही नाही." आम्हीही हे बीएडच्या कुठल्या पुस्तकात वाचलेले नव्हते.

तिसऱ्या मुलाचे जमले नाही. अपघातात पाय गेलेला तरुण. दोनदा बोलला आणि मग मामूंच्या मोबाइलच्या दुकानात बसायला लागला. त्याला सल्ला नको होता, लगेच काम हवे होते, आणि ते त्याला मिळाले. त्यातही बरेच आहे.

बीकॉमवाल्याला तिसऱ्या मुलाखतीत काम मिळाले. पहिल्या दोन ठिकाणी नकार आला, त्यातल्या एका ठिकाणी तर त्याला खुर्चीवर बसाही म्हटले नाही. त्या रात्री त्याने भाईंना निरोप पाठवला की आता बस, मला नाही करायचे. भाईंनी आपल्याला आलेल्या नकारांची यादी पाठवली, एकूण अकरा. खाली लिहिले, "तू अजून दोनवरच आहेस." मुलगी सध्या घरून उर्दू पुस्तकांचे टायपिंग करते आणि आठवड्यातून दोन दिवस एका ग्रंथालयात जाते, जिथे बाथरूमचा दरवाजा रुंद आहे.

साथी-रहबर नुसती हिंमत देत नाही, हक्कही दाखवतो. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत, त्यातला 1 टक्का अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी वगैरे गटासाठी. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर सरकारी खात्याला त्या माणसाला काढून टाकता येत नाही. खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते.

हे सगळे छापील आहे. पण जाहिरातीत 'ओएल', 'बीएल', 'ओए' असे लिहिलेले असते ते काय, हे किती मुलांना कळते? 'ओएल' म्हणजे एक पाय, 'बीएल' म्हणजे दोन्ही पाय, 'ओए' म्हणजे एक हात बाधित. पुढे 'एस', 'एसटी', 'डब्ल्यू' असे असते, म्हणजे त्या कामाला बसणे, उभे राहणे, चालणे लागते. जानेवारी 2021 च्या यादीत केंद्र सरकारने दिव्यांगांसाठी योग्य अशी 3,566 पदे दाखवली आहेत. आपले पद कोणते हे ओळखायला आधी ही अक्षरे वाचता आली पाहिजेत. ज्याने असा फॉर्म भरून नोकरी मिळवली तो दहा मिनिटांत समजावतो.

यूडीआयडी कार्डाचेही तसेच. 40 टक्क्यांखाली पांढरी पट्टी, 40 ते 79 पिवळी, 80 आणि त्याहून अधिक निळी. हे कार्ड नसेल तर पुढची बरीच दारे उघडत नाहीत, म्हणून बारावीच्या आधीच काढून ठेवा. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात. आणि लेखनिकाचा हक्क फक्त 40 टक्केवाल्यांचा नाही, लिहायला खरोखर अडचण असणाऱ्यालाही तो नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकाश कुमार यांच्या खटल्यात सांगितले.

इरा सिंघल यांचे उदाहरण रहबरांनी मुलांना जरूर सांगावे. त्यांच्या पाठीच्या कण्याला बाक आहे. 2010 च्या नागरी सेवा परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या, पण ढकलणे, ओढणे, उचलणे जमणार नाही असे कारण देऊन त्यांची नेमणूक अडवली गेली. त्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या, जिंकल्या, आणि 2014 च्या परीक्षेत देशात पहिल्या आल्या. पहिल्या आल्या हे सगळे सांगतात. मधली चार वर्षे त्या लढत होत्या, हे मुलांना जास्त सांगायला हवे.

आता सावधगिरीचे चार शब्द. ऑनलाइन गाठ घालून देणे म्हणजे पोराच्या हाती अनोळखी नंबर देणे नव्हे. रहबर शिक्षकाच्या किंवा विश्वासू संस्थेच्या ओळखीचा असावा. मूल 18 वर्षांखालचे असेल तर ग्रुपमध्ये पालक आणि शिक्षक दोघे असावेत. मुलींना बाई रहबर द्यावी. वेळ ठरलेली असावी, रात्री उशिराचे बोलणे नको. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, ओटीपी कुणालाही पाठवायचे नाही. 'नोंदणी फी भरा, घरबसल्या नोकरी मिळेल' म्हणणारा रहबर नसतो, ठग असतो. घरात बसलेली मुले त्याचे सोपे सावज असतात.

दुसरी सावधगिरी रहबरासाठी. तो डॉक्टर नाही, नोकरीचा दलालही नाही. मुलगा फार उदास वाटला तर त्याने घरच्यांना आणि शिक्षकाला सांगावे, एकट्याने ओझे वाहू नये. आणि 'मी केलं, मग तुला का जमत नाही' हे वाक्य त्याने कधी बोलू नये. दोघांचा आजार एकच असला तरी दोघांचे घर एक नसते.

तिसरी गोष्ट मालकांसाठी आणि आपल्या संस्था, दुकाने, कारखाने चालवणाऱ्या भावांसाठी. साथी-रहबर मुलाला दारापर्यंत आणतो. दारातली पायरी त्याला तोडता येत नाही, ती तुम्हाला तोडायची आहे. लाकडाचा एक उतार, खालच्या मजल्यावर एक टेबल, बाथरूमला एक पकडायचा दांडा, याला फार पैसा लागत नाही. रमजानमध्ये दिव्यांगाच्या हातावर पाकीट ठेवणारे आमच्याकडे कमी नाहीत, अल्लाह त्यांना बरकत देवो. पण बाराही महिने त्याच्या हातावर पगार ठेवणारे आम्ही शोधतो आहोत.

आणि शेवटी आई-वडिलांशी बोलायचे आहे. आम्ही बऱ्याच घरांत ऐकतो, "घरात काय कमी आहे? त्याला कशाला दगदग?" हे प्रेमाने म्हटलेले असते, त्याबद्दल शंका नाही. पण ज्या दिवशी आपण नसू, त्या दिवशी हेच प्रेम त्याच्या काय कामाला येईल? भावाच्या घरात तो पाहुणा म्हणून राहणार की घरखर्चाला हातभार लावणारा भाऊ म्हणून, हे आज ठरते. म्हणून रहबराशी तुम्हीही बोला. त्याच्या अम्मीशी बोला. तिने पहिल्यांदा मुलाला एकट्याने बसमध्ये कसे बसवले, त्या दिवशी तिचे कसे झाले, हे तिला विचारा. ती तुमच्याहून कमी घाबरलेली नसेल.

सुरुवात कशी करायची? फार सोपे आहे. आपल्याकडे पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये आढळला आणि 2014 मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे पोलिओने पाय गेलेली शेवटची मोठी पिढी आज तिशी-चाळिशी-पन्नाशीत आहे. ही माणसे बँकेच्या काउंटरवर आहेत, शाळांत आहेत, टेलरिंगच्या मशिनीवर आहेत, एसटीच्या ऑफिसात आहेत. त्यांना रॅम्प मिळाला नव्हता, संगणक मिळाला नव्हता, तरी ती कमावती झाली. तेवढा अनुभव आपल्या मोहल्ल्यात, नात्यात, ओळखीत पडून आहे आणि त्याला कुणी काही विचारत नाही. त्यांना विचारा. आठवड्यातून अर्धा तास, तीन महिने, एका मुलासाठी. नाही म्हणणारे थोडे निघतील, असा आमचा अनुभव आहे.

शिक्षकांनी आपल्या शाळेतून गेलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी काढावी. दहा वर्षे मागे जावे. कोण कुठे आहे, काय करतो, एवढे वहीत लिहावे. त्यातल्या कमावत्यांची एक बाजू आणि शिकणाऱ्यांची दुसरी बाजू केली की निम्मे काम झाले. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून उपचाराचे आणि पुनर्वसनाचे काम करते. केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्रही मुंबईत आहे. अशा ठिकाणी जाणाऱ्यांनी तिथे भेटलेल्या माणसांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीने जपून ठेवावेत. रांगेत आपल्या पुढे बसलेला माणूसही रहबर असू शकतो.

ज्या वाचकांनी स्वतः दिव्यांग असून नोकरी, धंदा, शिकवणी, काहीही उभे केले आहे, त्यांनी या पानाला पत्र लिहावे. नाव छापायचे नसेल तर छापणार नाही. कोणत्या कामात आहात आणि आठवड्यात किती वेळ देऊ शकाल, एवढेच कळवा. कुणाचा तरी मुलगा या महिन्यात दुसरा नकार घेऊन घरी आला असेल. त्याला अकरापर्यंत मोजून दाखवणारे कुणी हवे आहे.

खुदा हाफिज.